दोन टक आणि एक टक

४ मे

टिटवे,

आशीर्वाद, आणि सोबत एक दटावणी. आशीर्वाद नेहमीचेच आहेत, दटावणी ताजी आहे.

"मामांनी फुकट दिलेली गाडी शेवटी फुकटातलीच निघाली" असं तू परवा फोनवर मामीला म्हणालीस. फुकट? मग हिशेब ऐक. ही गाडी मला चौदा रविवार, डाव्या अंगठ्याचं एक नख, दोन चष्मे, शेजाऱ्याशी असलेलं बोलणंचालणं आणि लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाची अख्खी संध्याकाळ एवढ्याला पडली. त्या संध्याकाळी तुझी मामी ठेवणीतले कपडे घालून दारात उभी होती आणि मी गाडीखाली होतो. फक्त पाय बाहेर. ती थोडा वेळ माझ्या पायांशी बोलली आणि आत निघून गेली. तीन मेलेल्या गाड्यांतून मी ही एक जिवंत केली आहे. शेवटी एक जाडजूड नट जास्तीचा उरला, त्याच्याही लेथवर दोन अंगठ्या कातल्या. एक माझ्या बोटात आहे, दुसरी तू गाडी शिकलीस त्या दिवशी तुझ्या बोटात घातली. म्हणजे या गाडीतलं काही वाया गेलेलं नाही, आणि काही सुटंही राहिलेलं नाही. तरीही ती वाजते म्हणतेस.

आता माझं ऐक. पंक्चरं काढण्यापासून सुरुवात करून मी स्वतःच्या गॅरेजची पाटी लावली ती हातांच्या जोरावर नाही. हात सगळ्यांनाच असतात. मी ती कानांच्या जोरावर लावली. गाडी कोपऱ्यावर वळायच्या आत मी सांगायचो, हिचा कुठला व्हॉल्व्ह कुरकुरतोय. गिऱ्हाईक बॉनेट उघडायला लागलं की म्हणायचो, "राहू द्या हो, ऐकलं." चाळीस वर्षांत हा कान एकदाही चुकलेला नाही, आणि आजही तसाच आहे. बिघडला आहे तो बाजारातला माल. आमच्या दाराची घंटा या वर्षात तीनदा बदलली, एक धड वाजेल तर शपथ. पहिली तर मी रागाने माळ्यावर फेकली.

तेव्हा घाबरू नकोस. फोन मात्र करायचा नाही. फोनवर माणूस घाईत बोलतं, आणि घाईत सांगितलेला आवाज म्हणजे दुसऱ्याने चाखलेलं लोणी. कागदावर नीट लिही: आवाज कधी येतो, कुठून येतो, कसा येतो. बाकी माझ्यावर सोड.

तुझा मामा

ता. क. पत्र पेटीत टाकायला मीच जाते, म्हणून शेवटची ओळ माझी. मी पायांशी बोलले नव्हते. चिमटा काढला होता. — मामी

*

९ मे

मामांना टिटवीचा नमस्कार,

माझा 'फुकट' शब्द मी परत घेते. नखासकट.

आवाज लिहून काढायला बसले तर आईने विचारलं, "कुणाला लिहितेस?" म्हटलं, "मामांना, गाडीच्या तब्येतीबद्दल." ती म्हणाली, "त्याने माझ्या तब्येतीबद्दल कधी दोन ओळी लिहिल्या नाहीत." तर आधी तिला दोन ओळी लिहा.

आता आवाज. माझ्या बाजूने येतो, म्हणजे शिकवणाऱ्याच्या सीटकडून, दाराच्या खालच्या अंगाने. कधी 'टक-टक' असा जोडीने, कधी नुसता एकटा 'टक'. कोरडा आणि खणखणीत. आणि मामा, गंमत अशी की मी एकटी चालवते तेव्हा गाडी देवमाणूस. कोपऱ्यावरच्या चष्मेवाल्या मेकॅनिकने मला शेजारी बसवून गावभर फिरवली, तेव्हाही चकार शब्द नाही. तो माझ्याकडे चष्म्यावरून असा बघायला लागला की त्याला गाडीची काळजी नाही, माझी वाटतेय. पण शिकणारं माणूस चाकावर बसलं रे बसलं की पहिल्या वळणावर टक-टक!

दंतवैद्यबाई चार दिवस शिकल्या आणि पाचव्या दिवशी म्हणाल्या, "मी दिवसभर लोकांचे हलणारे दात बघते. संध्याकाळी हलणाऱ्या गाडीत बसायची माझी ताकद नाही." गेल्या. आता बेकरीवाले काका तेवढे उरलेत. वय साठ, हात पिठासारखे मऊ आणि स्वभाव त्याहून. त्यांनाही त्या आवाजाची भीती बसली आहे. मी दचकून विचारते, "काका, ऐकलंत ना?" ते म्हणतात, "ऐकलं मॅडम," आणि लगेच ब्रेक मारतात.

हसू नका. माझ्या ड्रायव्हिंग स्कूलचा परवाना सहा महिन्यांचा, तात्पुरता आहे. ६ जूनला परवाना खात्याचे निरीक्षक येणार, मागच्या सीटवर बसणार, मी विद्यार्थ्याला शिकवताना बघणार. गाडी खिळखिळी वाटली तर शेरा मारून मोकळे. इकडे विमा कंपनीतल्या माझ्या जुन्या साहेबांनी खुर्ची दहा जूनपर्यंत रिकामी ठेवली आहे. आई रोज त्या खुर्चीचं नाव असं काढते जसं काही मी तिला माहेरी टाकून आले आहे.

मला ती खुर्ची नको आहे, मामा. मला गाडीत बसायचं आहे.

टिटवी

*

१२ मे

टिटवे,

तुझ्या आईला चार ओळी लिहिल्या आहेत. दोन मागितल्या होत्या, दोन मागची बाकी.

पत्र तीनदा वाचलं. चष्मेवाला गाढव आहे. त्याने गाडी ऐकली, पण माणसं मोजली नाहीत. नीट विचार कर. तू एकटी असतेस तेव्हा शिकवणाऱ्याची सीट रिकामी. मेकॅनिक चालवतो तेव्हा तू त्या सीटवर, पण तो सफाईने चालवतो, गाडीला हिसका बसत नाही. शिकाऊ माणूस हिसके देतं आणि त्याच वेळी तुझं वजन त्या बाजूला असतं. हिसका अधिक वजन. बरोबर तुझ्या सीटखालचा एखादा रबरी बुश गेला असणार, आणि लोखंड लोखंडाला भेटतंय. मी हे इथे बसून, तीन मुक्कामांच्या अंतरावरून ऐकलं. याला म्हणतात कान.

पण सिद्ध केल्याशिवाय मी स्क्रू ढिला करत नाही. म्हणून प्रयोग सांगतो. तुझ्या वजनाइतकी वाळू गोणीत भर. गोणी तुझ्या सीटवर ठेव. काकांना चालवू दे आणि तू मागे बसून ऐक. रिकाम्या मैदानात करा, रस्त्यावर नको, तुझ्या पायाखालचा जादा ब्रेक गोणीला दाबता येणार नाही. आवाज आला तर दोष वजनाचा. वजन मात्र खरं भर. आईला सांगतेस ते नको.

त्याआधी डिकी रिकामी कर, सीटखाली हात घाल. माणसाच्या गाडीत काय काय निघतं ते मला विचार. एका वकिलाच्या गाडीतला 'गिअरबॉक्सचा बिघाड' म्हणजे अक्रोड होता.

मामा

ता. क. बहिणीला चार ओळी लिहिल्या त्यातल्या तीन गाडीबद्दल आहेत. — मामी

*

१७ मे

मामांना नमस्कार, पण वाकून नाही, कारण कंबर धरली आहे. का धरली ते पुढे येतं.

सीटखाली निघालं ते असं: दोन कंगवे, एक चमचा, काकांचा पावत्यांचा गठ्ठा आणि दंतवैद्यबाईंचा प्लॅस्टरचा जबडा. जबडा बघून मला वाटलं, सापडला चोर! हाच टकटक करत होता! धावत जाऊन परत दिला. दुसऱ्या दिवशी टकटक हजर.

मग गोणी. वजन खरं भरलं. दुकानदाराने विचारलं, "वाळू कशाला?" म्हटलं, "माझ्या जागी बसवायला." त्याने सुटे पैसे लांबूनच दिले. काकांनी आणि मी गोणी उचलून सीटवर ठेवली (कंबर इथे गेली), तिला पट्टा बांधला. मैदानापर्यंत मीच चालवत नेणार होते, पण नुसती गोणी घेऊन रस्त्यातून जायचं मला कसंतरी वाटलं म्हणून तिला आईचा रेनकोट आणि टोपी घातली. ती माझ्यापेक्षा रुबाबदार दिसायला लागली.

चौकात वाहतूक पोलिसाने थांबवलं. वाकून गोणीकडे बघत म्हणाला, "बाईंना बरं नाही का?"

मी काही बोलायच्या आत मागून काका म्हणाले, "त्या बोलत नाहीत. नवीन आहेत."

पोलिसाने गोणीला सलाम केला आणि सोडलं.

मैदानात काका चाकावर, मी मागे. काकांनी पहिलाच हिसका असा दिला की गोणी त्यांच्या खांद्यावर मान टाकायला लागली. मी मागून दोन्ही हातांनी तिला मिठी मारून धरली आणि कान लावले. पाऊण तास आम्ही गोल फिरलो. काका सगळीकडे चुकले, ब्रेक उशिरा, गिअर भलताच. पण आवाज? एकही नाही. एक टक नाही, अर्धा नाही.

मग गोणी उतरवली, मी पुढे बसले. पहिल्याच वळणावर टक-टक. मी म्हटलं, "ऐकलंत?" काका म्हणाले, "ऐकलं मॅडम, आता बरं वाटतंय," आणि छान गिअर बदलला.

त्यांना कशाने बरं वाटलं, देव जाणे. गाडी गोणीला मान देते आणि मला देत नाही. मामा, आता काय?

टिटवी

*

२० मे

टिटवे,

निष्कर्ष सरळ आहे. गोणी वाजत नाही, तू वाजतेस. म्हणजे वजन खोटं भरलंस.

रागावू नकोस. रागावली असशील तर त्याहून बरं, कारण मी स्वतः येतोय. २४ तारखेला, मामीसह. चष्मेवाल्याला गाडीला हात लावू देऊ नकोस. मी मागे बसेन, तू शिकव, काका चालवतील. मला एक फेरी पुरे.

निरीक्षकाची काळजी सोड. तुझा मामा मागच्या सीटवर बसला की गाडी स्वतःहून बोलते.

मामा

ता. क. तुझं वजन खरं आहे हे मला माहीत आहे. मी यांना तीनदा सांगितलं. यांनी 'हो' म्हणून मान हलवली आणि तरी हे लिहिलं. — मामी

*

२६ मे

मामा,

तुम्ही काल गेलात आणि मी लगेच लिहायला बसले, कारण समोर बोलले असते तर रडले असते.

तुम्ही मागे बसलात, डोळे मिटलेत, मान तिरपी केलीत. अगदी मैफल सुरू होण्याआधी उस्ताद बसतात तसे. काकांनी तुम्हाला आरशात बघितलं आणि इतका आदर वाटला की गाडी दोनदा बंद पाडली. मग निघालो. बाजार, शाळेचा चढ, पुलाखालचं वळण. मी मोजत होते, मामा. अकरा वेळा वाजलं. अकरा! पुलाखाली तर असं घुमलं की काकांचा पाय आपोआप ब्रेकवर गेला.

आणि तुम्ही उतरून म्हणालात, "गाडी गप्प आहे. आवाज तुझ्या डोक्यात आहे." मागच्या टायरला एक लाथ मारलीत आणि आई सगळ्यांसमोर म्हणाली, "मी कधीपासून सांगतेय."

तुम्ही 'इंजिन गेलं' म्हणाला असता तर चाललं असतं. पण ज्या माणसाने कोपऱ्यापलीकडचा व्हॉल्व्ह ऐकला त्याला माझ्या कानाशी झालेला आवाज ऐकूच आला नाही असं कसं? मग माझंच डोकं फिरलंय असं म्हणायचं ना? जेवायलाही आईने तीन हाका मारल्या आणि तुम्ही खिडकीतून बाहेर बघत राहिलात. आईला वाटलं तुम्ही रुसलात. मला वाटलं, माझी लाज वाटतेय तुम्हाला.

आईने माझे ऑफिसचे कपडे इस्त्री करून दाराला टांगले आहेत. रोज सकाळी ते माझ्याआधी उठून उभे असतात.

टिटवी

*

२९ मे

टिटवे,

लाज? ज्या दिवशी मला तुझी लाज वाटेल त्या दिवशी मी पाटी उतरवून त्यावर भाजी चिरीन.

ऐकलं होतं मी. सगळं ऐकलं. एकदा ऐकून लगेच तोंड उघडतो तो हलका मेकॅनिक. आईसमोर तुला धक्का नको म्हणून 'गाडी गप्प आहे' म्हणालो. आता खरं निदान लिहितो: कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग. इंजिन उघडावं लागेल. आठ दिवस लागतील आणि तुझ्याकडे तेवढेच आहेत, तेव्हा आजच सुरू कर.

अजून एक. खुर्ची मीही सोडली होती. तुला सांगितलं नाही कधी. गॅरेजच्या आधी मला एका गोदामात कारकुनी मिळाली होती. पंखा, टेबल, डबा ठेवायला कप्पा. अकरा दिवस केली. बाराव्या दिवशी खिडकीखाली एक ट्रक आला, त्याचा फॅनबेल्ट किंचाळत होता, आणि सगळं गोदाम कानावर हात ठेवून बसलं. मी एकटा खाली गेलो. परत वर गेलोच नाही. तुझ्या आजोबांनी महिनाभर माझ्याशी बोलणं टाकलं. तेव्हा इस्त्री केलेल्या कपड्यांना घाबरू नकोस. ते चालून येत नाहीत.

मामा

ता. क. इंजिन उघडू नकोस. — मामी

*

२ जून

मामाऽऽऽ!

गेला! आवाज गेला! कालपासून एकही टक नाही! मी अंगणात नाचले, आई खिडकीतून बघून आत गेली आणि तिने डॉक्टरांचा नंबर शोधला.

मी इंजिन उघडलं नाही. (मामीची ओळ शेवटी होती, मी शेवटचं ऐकते.) पण हातावर हात ठेवून बसवेना म्हणून परवा स्वतः पान्हे घेऊन माझी सीट काढायला बसले. सीट निघाली, खाली काही नव्हतं, आणि परत बसवताना ती माझ्या हातावर पडली. बोट वांग्याएवढं सुजलं. तुमची अंगठी साबण लावून, तेल लावून, शेवटी काकांच्या बेकरीतलं लोणी लावून निघाली. बोटाला हे जाडजूड बँडेज. त्याच अवस्थेत काल शिकवायला गेले, आणि शांतता! अशी शांतता की मला गाडीचं घड्याळ ऐकू आलं. सीट नीट बसली नव्हती बहुतेक. किंवा तुमची लाथ उशिरा लागू पडली. काही का असेना!

एकच वाईट. गाडी बरी झाली आणि काका बिघडले. चढावर गिअर बदलेनात. लाल दिवा आला तरी सरळ निघाले. मी माझ्या पायाखालचा ब्रेक दाबला म्हणून आम्ही बागेच्या कुंपणापाशी थांबलो, दोन पावलं आत, शेवंतीत. "काका, काय झालं?" म्हटलं तर कसनुसे हसून म्हणाले, "काही नाही मॅडम, वाट बघत होतो." कशाची ते सांगेनात. परीक्षेची धास्ती असणार.

परवा नंतरच्या परवा निरीक्षक. पण आता मी कुणाला भीत नाही!

टिटवी

*

४ जून

टिटवे,

ती लाथ नव्हती. तो उपचार होता.

टायरवर बरोबर कुठे आणि किती जोराने मारायची याला चाळीस वर्षं लागतात. त्या हादऱ्याने बेअरिंग आपल्या जागी बसलं. मी तेव्हाच सांगणार होतो, पण म्हटलं, गुण येऊ दे, मग बोलू. चष्मेवाल्याला हे पत्र वाचून दाखव. शेवंतीचे पैसे मागायला कुणी आलं तर माझं नाव सांग.

मामा

ता. क. गेल्या महिन्यात आमच्या फ्रिजलाही हाच उपचार केला होता. नवा फ्रिज छान आहे. — मामी

*

६ जून

मामा,

बसा. खुर्ची घ्या. मामीलाही बोलवा, हे दोघांनी मिळून वाचायचं आहे.

निरीक्षक दहाला आले. बारीक, उंच, हातात फॉर्मची पाटी, चेहरा असा की त्यावर कधी कुणी हसून गेलं असेल असं वाटू नये. मागे बसले. काका चाकावर, मी शेजारी, बँडेजवालं बोट मांडीवर. आई गॅलरीत.

गाडी एकदम गप्प. निरीक्षकांनी लिहिलं, "वाहन: उत्तम." मी मनातल्या मनात तुमच्या पायाला हात लावला, लाथ मारली त्याच.

मग शाळेचा चढ आला. काका दुसरा गिअर टाकेनात. गाडी म्हाताऱ्यासारखी खोकायला लागली. मी हळूच म्हटलं, "काका, गिअर." ते घामाघूम होऊन माझ्याकडे बघायला लागले. रस्त्याकडे नाही, माझ्याकडे! कसेबसे चढलो. उतारावर पुढे चौक, लाल दिवा, आणि काकांचा पाय हवेत. मी जादा ब्रेक दाबला. निरीक्षकांची पाटी माझ्या मानेवर आली.

आणि काका, ते पिठासारखे काका, जवळजवळ ओरडले:

"मॅडम, खूण द्या ना!"

"कसली खूण?"

"कसली काय? टकटक! दोन म्हणजे गिअर, एक म्हणजे ब्रेक! पाच दिवस झाले तुम्ही खूणच देत नाही. मी म्हटलं, माझं काही चुकलं असेल, मॅडम रागावल्या असतील!"

मामा, मी माझ्या हाताकडे बघितलं. तो दाराच्या कडेवर होता. बँडेजवालं बोट वर उचललेलं, वाजवायच्या तयारीत. मी त्याला सांगितलं नव्हतं. ते आपलं आपण तिथे जाऊन बसलं होतं.

मी पर्समधून अंगठी काढली. सुजलेल्या बोटात जाईना, तर करंगळीत घातली. दिवा हिरवा झाला. दारावर वाजवलं: टक-टक. काकांचा चेहरा असा उजळला जसा भट्टीचं दार उघडल्यावर उजळतो. गिअर पडला, लोण्यासारखा. वळणावर: टक. ब्रेक. पुलाखालून, बाजारातून, दोन हातगाड्या आणि एका हट्टी बकरीच्या मधून काकांनी गाडी अशी नेली की निरीक्षकांनी पट्टा सैल केला.

परत आल्यावर त्यांनी फॉर्म पुढे घेतला. म्हणाले, "तुम्ही ओरडत नाही?"

"नाही."

"माझा शिक्षक ओरडायचा. मला अजून डावीकडे वळताना त्याचा आवाज ऐकू येतो." मग लिहिलं: "प्रशिक्षणाची पद्धत: दारावर वाजवून." आणि खाली: "कायम परवाना द्यावा."

आईने ऑफिसचे कपडे दारावरून काढले. घडी घालून कपाटात ठेवले, आणि मग म्हणाली, "मलाही शिकव. पण हळू वाजव."

आता तुमच्याशी बोलायचं आहे. 'ऐकलंत ना?' असं मी घाबरून विचारायचे आणि काका मान डोलवून खूण पाळायचे. महिनाभर मी चोर शोधत होते आणि चोर माझ्या बोटात होता. पण ही दोन आणि एक माझी नाही, मामा. आठवतं का? मी सोळा वर्षांची, तुम्ही शेजारी, दारावर तुमची अंगठी. एक शब्द ओरडला नाहीत. दोन टक, एक टक. मी वळणाला घाबरले की माझा हात आपोआप तुमचा हात होतो.

तीन पानं भरून तुम्हाला तुमचाच आवाज लिहून पाठवला. ओळखला कसा नाहीत?

टिटवी (परवानाधारक)

*

१५ जून

परवानाधारक टिटवे,

पत्र मामीने मोठ्याने वाचलं. खूप मोठ्याने. शेजारी, ज्याचं-माझं बोलणं बंद आहे, तोही कुंपणाशी येऊन उभा राहिला आणि शेवटी त्याने टाळ्या वाजवल्या. आता बोलावं लागणार.

ओळखला कसा नाही, विचारतेस. कागदावरचा ओळखला नाही कारण ती टकटक मी कधी ऐकलेलीच नाही, मी ती वाजवायचो. गॅरेजच्या गोंगाटात हाक पोचत नसे, म्हणून पत्र्यावर अंगठीने वाजवायची सवय लागली. तीच तुला शिकवताना हातात आली. पुढे तू ती नेलीस, आणि मी तिचं बेअरिंग करून तुला इंजिन उघडायला सांगत होतो.

गाडीत मात्र ओळखायला हवी होती. इथे मी तुला एकदा खोटं लिहिलं आहे. 'सगळं ऐकलं' म्हणालो, ते. मी डोळे मिटून बसलो होतो ते ध्यान नव्हतं, टिटवे. मी वाट बघत होतो. बाजार गेला, चढ गेला, पूल गेला, आणि काहीच आलं नाही. मला वाटलं गाडी गप्प आहे. मग जेवताना तुझ्या आईचे ओठ हलताना दिसले आणि मला कळलं, गप्प गाडी नाही. ते मान्य करण्यापेक्षा टायरला लाथ मारणं सोपं होतं. त्यापायी तुला वेडं ठरवलं, ते माझ्या मनाला लागून राहिलं आहे. फोन नको, पत्र लिही, हे कशासाठी होतं तेही आता तुला सांगायला नको.

मंगळवारी कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. दोन्ही कानांत वाटाण्याएवढी यंत्रं बसवली. बाहेर पडलो तर रस्त्यावर केवढा गोंगाट, आणि त्यात एक रिक्षा, तिचा सायलेन्सर फुटलेला. मी म्हटलं, "सायलेन्सर." मामी म्हणाली, "तो बहिऱ्यालाही ऐकू येतोय." असो. सुरुवात आहे.

पुढच्या महिन्यात येतो. मागच्या सीटवर बसेन. तू वाजव, मी ऐकेन.

मामा

ता. क. काल यांनी स्टुलावर चढून माळ्यावरची पहिली घंटा काढली आणि दाराला परत लावली. छान वाजते. — मामी